हातांतील यंत्र आणि तोंडांतील भाषा

आयफोन ठेवावा कीं तो सोडून अँड्रॉइड घ्यावा, हा प्रश्न हल्लीं सुशिक्षित कुटुंबांत पूर्वींच्या स्थळें पाहण्याच्या गांभीर्यानें चर्चिला जातो. जून २०२५ मध्यें गूगलनें अँड्रॉइडची सोळावी आवृत्ति प्रसिद्ध केली, आणि त्याच वर्षीं सप्टेंबरांत ॲपलनें आयफोनच्या पडद्यास कांचेचा पारदर्शक वेष चढविला. तेव्हांपासून या चर्चेस विशेषच भर आला आहे. एक पक्ष म्हणतो, आयफोनची सर दुसऱ्या कशासहि येणार नाहीं; दुसरा म्हणतो, नवें अँड्रॉइड आतां त्याच्या बरोबरीस आलें आहे, मग अधिक पैसे कशास मोजावे? कॅमेरा, बॅटरी, पडद्याची झळाळी, फोन खिशांतून काढल्यावर चारचौघांवर पडणारी छाप, या सर्वांची मोजदाद होते. मात्र हा वाद मराठी घरांत, मराठी माणसांत आणि बहुधा मराठींतूनच चाललेला असूनहि, या दोहोंपैकीं कोणतें यंत्र मराठीस कसें वागवितें, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें तोच पहिला प्रश्न होय. आणि तो पहिला धरला म्हणजे वादाचें स्वरूपच पालटतें.

आम्ही राहतों तें शिर्डी गांव या विषयाच्या परीक्षेस फार सोयीचें आहे. १ ऑक्टोबर २०१७ रोजीं शिर्डीचा विमानतळ सुरू झाला. ११ डिसेंबर २०२२ रोजीं नागपूरपासून शिर्डीपर्यंतचा समृद्धि महामार्ग खुला झाला. कोपरगांवास आगगाडींतून उतरून येणाऱ्यांत आतां विमानानें व मोटारीनें येणाऱ्यांची भर पडली आहे. समाधि मंदिरांत फोन नेण्यास मनाई असल्यामुळें दर्शनास जाणारा तो बाहेर ठेवून जातो. तेथें लाखाचा आयफोन आणि दहा हजारांचा अँड्रॉइड शेजारीं शेजारीं निमूट पडलेले असतात. यंत्राच्या प्रतिष्ठेविषयीं ज्यांना फार वाटतें, त्यांनीं हें दृश्य एकवार अवश्य पाहावें.

परंतु आम्हांस बोध घ्यावयाचा आहे तो या फळ्यांपासून नव्हे, बाहेरच्या दुकानांपासून. येथील हारफुलांचा व प्रसादाचा दुकानदार तेलुगु भाविकाशीं तेलुगूंत आणि गुजराती भाविकाशीं गुजरातींत चार शब्द हटकून बोलतो. त्याला कोणी व्याकरण शिकविलेलें नाहीं. गिऱ्हाइकाची भाषा तोंडीं असल्यावांचून धंदा होत नाहीं, एवढें त्यास कळतें. हेंच शहाणपण कॅलिफोर्नियांतील कंपन्यांच्या ठायीं नाहीं असें कोण म्हणेल? पण या शहाणपणाची दुसरीहि एक बाजू आहे. ज्या गिऱ्हाइकाची भाषा न बोलतांच माल खपतो, त्याची भाषा शिकण्याची तसदी कोणताच व्यापारी घेत नाहीं. मराठी सुशिक्षित वर्ग हा असा गिऱ्हाईक आहे.

आमचें म्हणणें कोणास कठोर वाटेल, म्हणून तारखाच पाहूं. आयफोन भारतांत ऑगस्ट २००८ मध्यें विक्रीस आला. पहिला अँड्रॉइड फोनहि त्याच वर्षीं अमेरिकेंत निघाला. ‘ॲपल’ आणि ‘अँड्रॉइड’ या दोन्ही नांवांच्या आरंभीं जो उच्चार आहे, त्याच्या ‘ॲ’ या अक्षरास युनिकोड या जागतिक अक्षरसंकेतांत स्वतंत्र स्थान मिळालें तेंहि २००८ सालींच. देवनागरी लिपि तर तेथें १९९१ पासूनच होती. तेव्हां लिपीची अडचण होती, ही सबब कोणासच सांगतां येणार नाहीं. पुढें २०१४ सालीं अँड्रॉइडच्या पांचव्या आवृत्तींत मराठी आली; म्हणजे फोनवरील पाट्या, सूचना आणि इशारे मराठींत वाचतां येऊं लागले. ऑगस्ट २०१७ मध्यें तोंडानें मराठी बोलून ती फोनकडून लिहवून घेण्याची सोयहि गूगलनें केली. आयफोननें मराठी पाट्या केव्हां लावल्या? ३१ मार्च २०२५ रोजीं प्रसिद्ध झालेल्या १८.४ या आवृत्तींत. केंद्र सरकारनें ३ ऑक्टोबर २०२४ रोजीं मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हां आपण पेढे वाटले. पण त्या दिवशीं आयफोनची भाषा म्हणून निवडतां येणाऱ्या भाषांच्या यादींत मराठीचें नांवहि नव्हतें! २०११ च्या जनगणनेप्रमाणें आठ कोटी तीस लाख लोकांची ही मातृभाषा. एका कंपनीनें तिला दार उघडल्यावर दुसरीस तेंच करण्यास दहा वर्षांहून अधिक काळ लागला, आणि त्या काळांत आयफोन मिरविणाऱ्या मराठी मंडळींनीं त्याबद्दल फारशी कुरकुरहि केल्याचें ऐकिवांत नाहीं.

यावर असा आक्षेप येईल कीं, आयफोनवर मराठी लिहितां येत होतीच. कीबोर्ड होता, निरोप जात होते, मग पाट्या इंग्रजींत असल्या म्हणून काय बिघडलें? आमचें उत्तर असें कीं, आपण यंत्राशीं आपल्या भाषेंत बोलणें निराळें, आणि यंत्रानें आपल्याशीं आपल्या भाषेंत बोलणें निराळें. फोन आतां केवळ निरोपाचें साधन उरलेला नाहीं. त्यांत बँकेचें खातें आहे, आधार आहे, औषधाची चिठ्ठी आहे, नातवंडांचीं चित्रें आहेत. तो घडोघडीं परवानगी मागतो: या ॲपला तुमचे संपर्क पाहूं द्यावे काय, तुमचें ठिकाण कळवावें काय, अनोळखी जागेहून आलेलें हें ॲप बसवावें काय? बी. ए. झालेल्या चिरंजीवांस हे प्रश्न कळतात. पण त्यांच्या मातोश्रींचें काय? त्या दासबोध अर्थासह सांगतील. परंतु इंग्रजी इशारा समोर आला कीं जें बटण ठळक दिसेल तें दाबून मोकळ्या होतील. न समजलेला इशारा हा इशाराच नव्हे. फोनवरून वृद्धांस लुबाडण्याचे प्रकार रोज वर्तमानपत्रांत येत असतां, घरांतील वडील माणसास परक्या भाषेंतला पहारेकरी नेमून देणें यास आम्ही शिष्टपणा म्हणूं, सुधारणा म्हणणार नाहीं.

आतां प्रत्यक्ष नव्या अँड्रॉइडविषयीं. ही सोळावी आवृत्ति आम्हीं दोन महिने, फोनची भाषा मराठी ठेवून, वापरून पाहिली. पहिल्या आठवड्यांत ओळखीच्या इंग्रजी शब्दांच्या जागीं मराठी शब्द पाहून डोळा अडखळतो. दुसऱ्या आठवड्यांत अडखळत नाहीं. तिसऱ्यांत, पूर्वीं न वाचतांच पुढें सारलेल्या कित्येक सूचना आपण आतां वाचूं लागलों आहों, असें ध्यानांत येतें. आवृत्तींतील सुधारणाहि संसारी माणसाच्या उपयोगाच्या आहेत. एकाच ॲपच्या सूचनांची आपोआप एक जुडी बांधली जाते; मागविलेली गाडी कोठवर आली याची चालती नोंद पडद्यावर राहते; श्रवणयंत्र लावणाऱ्यास फोनवर बोलतांना फोनचाच मायक्रोफोन वापरतां येतो; आणि ज्यास अधिक धोका वाटतो त्यास एकाच कळीनें सर्व कडक बंदोबस्त एकदम सुरू करतां येतो. मात्र हौशी तरुणांस एक सूचना करणें अवश्य आहे. ‘बीटा’ म्हणून परीक्षणासाठीं मिळणारी कच्ची आवृत्ति घरांतील एकुलत्या एक फोनवर घालूं नये. ती मध्येंच सोडून मागें फिरावयाचें म्हटलें तर फोनमधील सर्व मजकूर पुसावा लागतो.

एका पक्षाची वकिली करतांना दुसऱ्याचे गुण झांकणें हें प्रामाणिकपणास शोभत नाहीं. आयफोनला नवीं अपडेट्स वर्षानुवर्षें मिळत राहतात. एका ॲपनें इतर ॲप्समधून माणसाचा माग काढण्यापूर्वीं त्याची अनुमति घ्यावी, हा नियम ॲपलनें एप्रिल २०२१ मध्यें केला, तो स्तुत्यच होय. उलट गूगल म्हणजे कोणी धर्मशाळा नव्हे. तिच्या उत्पन्नाचा मोठा भाग जाहिरातींतून येतो, आणि जाहिरातीस माणसाची माहिती हवी असते. भारतीय स्पर्धा आयोगानें ऑक्टोबर २०२२ मध्यें अँड्रॉइडच्या बाबतींत गूगलला १,३३७.७६ कोटी रुपये दंड केला, आणि अपील न्यायाधिकरणानें मार्च २०२३ मध्यें तो कायम ठेविला, हें आम्ही विसरलों नाहीं. त्याचप्रमाणें अँड्रॉइडचे सर्व फोन सारखे नव्हेत. गूगलनें २०२३ पासून व सॅमसंगनें २०२४ पासून आपल्या उंची फोनांस सात वर्षें अपडेट्स देण्याचें वचन दिलें आहे. स्वस्त फोनांचें आयुष्य याहून पुष्कळच कमी. तेव्हां दोन्ही व्यापारीच आहेत. संत कोणीहि नाहीं. आपण पाहावयाचें तें इतकेंच कीं, कोणता व्यापारी आपल्या घरांतील अधिक माणसांच्या उपयोगी पडतो, आणि कोणाच्या दुकानांतून वाटेल तेव्हां बाहेर पडतां येतें.

या दुसऱ्या मुद्द्यावरच आयफोनचे कैवारी विशेष भर देतात, पण उलट अर्थानें! ते म्हणतात, आमचें घड्याळ त्याच कंपनीचें, संगणक त्याच कंपनीचा. आतां फोन बदलला तर सगळाच मेळ मोडेल. हें म्हणणें खरें आहे. त्यांचें घड्याळ आयफोनवांचून चालत नाहीं, आणि विकत घेतलेलीं ॲप्स दुसऱ्या यंत्रावर नेतां येत नाहींत. परंतु यावरून निघतें काय? चिरेबंदी वाडा उत्तम आहे, अंगण सारवलेलें आहे, विहिरीस पाणी आहे. केवळ दरवाजा आंत येण्यापुरताच उघडतो, हें त्या वाड्याचें भूषण कसें मानावें? जेथून निघणें जड जातें तेथें राहण्यास आपण निष्ठा हें नांव देतों, एवढेंच. वाट अगदींच बंद आहे असें मात्र नाहीं. व्हॉट्सॲपवरील जुना संवाद २०२१ पासून आयफोनवरून अँड्रॉइडवर नेतां येऊं लागला आहे. छायाचित्रें व संपर्कहि नेतां येतात. दोन दिवसांची कटकट आहे, जन्माची नव्हे.

राहिला प्रतिष्ठेचा प्रश्न. या राहाता तालुक्यांत पेरूच्या बागा आणि उसाचे मळे आहेत. त्यांच्या उत्पन्नावर शिकणारा मुलगा हप्त्यानें आयफोन घेतो, तो त्यांतील सोयींसाठीं क्वचितच. शहरांतील साहेबी घरांत तो पाहिला, म्हणून घेतो. म्हणजे दोष त्या मुलाकडे कमी आणि आमच्या-तुमच्याकडे अधिक येतो. ज्याचें अनुकरण व्हावयाचें, त्यानें वागणें जपून ठेवावें. आणि याच तालुक्यानें निराळाहि धडा घालून दिलेला आहे. उसाचा भाव दुसऱ्यानें ठरवावा आणि आपण तो निमूट घ्यावा, हें न रुचून येथील शेतकऱ्यांनीं विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानें सहकारी साखर कारखाना काढला. गोखले संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ त्यांच्या पाठीशीं उभे राहिले, आणि १९५० सालीं प्रवरानगर येथें कारखाना सुरू झाला. शेतकरी आणि प्राध्यापक एकत्र आले म्हणजे बाजारास नमावें लागतें, हें त्यांनीं दाखविलें. आठ कोटी गिऱ्हाइकांनीं भाषेच्या बाबतींत एवढी एकी केली असती, तर दहा वर्षांहून अधिक काळ वाट पाहावी लागली नसती.

तात्पर्य, आमचा अभिप्राय स्पष्ट आहे. चांगला चालता आयफोन केवळ नव्याच्या हौसेनें टाकून देऊं नये. तो पैशाचा नाश होय. पण जुना फोन थकला असेल, किंवा घरांतील सर्वांस एकाच रीतीचें यंत्र हवें असेल, तर अँड्रॉइडकडे वळण्यास बिलकुल संकोच करूं नये. मराठीस आधीं दार उघडणारा तोच, आणि आजोबांच्या स्वस्त फोनापासून सुनेच्या उंची फोनापर्यंत एकच मराठी बोलणाराहि तोच. मात्र फोन बदलून भाषा तीच इंग्रजी ठेवावयाची असेल, तर बदलाचे श्रम व्यर्थ आहेत. आज मराठी दोन्ही फोनांत आहे. नाहीं ती आमच्या फोनांत. एम. ए. झालेले गृहस्थ मुलीस ‘जेवलीस का’ हे दोन शब्दहि रोमन अक्षरांत लिहून पाठवितात, आणि मग मराठीच्या भवितव्यावर अध्यक्षीय भाषण करावयास जातात!

म्हणून वाचकांस आमची विनंति अशी: फोन कोणताहि असो, आज त्याची भाषा मराठी करा. एखादा शब्द ओबडधोबड वाटला तर कंपनीस तसें कळवा. ओबडधोबड शब्द वापरानेंच घासून गुळगुळीत होतात. ॲपलनें एप्रिल २०२३ मध्यें मुंबईस आणि सप्टेंबर २०२५ मध्यें पुण्यास आपलें दुकान उघडलें आहे. तेथें गेलांत तर मराठींत विचारा आणि मराठींत उत्तर मागा. शिर्डीचा हारवाला परप्रांतीयाची भाषा शिकतो, कारण तो परप्रांतीय आपल्या भाषेंत बोलण्यास लाजत नाहीं.