१९ पोरं असली की शिक्षक शून्य?

मंडळी, १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा जीआर एकदा वाचा. सहावी ते आठवीत २० पेक्षा कमी पोरं असतील तर त्या वर्गांना शिक्षक मंजूर नाही. सरकारी भाषेत 'पट कमी'. गावच्या भाषेत, पोरीची शाळा पाचवीतच संपली.

त्याआधी सप्टेंबर २०२३ मध्ये समूह शाळांचं पत्र निघालं. तोरणमाळ, पानशेतचा दाखला दिला. लहान शाळा एकत्र करा, पोरं गाडीनं आणा म्हणे. कागदावर झकास! पण जळगाव जामोद, संग्रामपूरकडं सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात जाऊन बघा. नाल्याला पूर आला की मोठा माणूस अडकतो, तिथं सहा वर्षांच्या पोट्ट्याला कोण पोचवणार? मजुरीला गेलेली माय? पोरगा तरी कसाबसा जाईल. बारा वर्षांच्या पोरीला मात्र "राहू दे, लहान्याला सांभाळ" हेच ऐकावं लागणार. शिक्षण हक्क कायद्याचे नियम तर पाचवीपर्यंत १ आणि आठवीपर्यंत ३ किलोमीटरच्या आत शाळा द्या म्हणतात.

अन् पट घटला काहून? एकाच गुरुजीकडं चार वर्ग, वरून निवडणुकीची कामं, ऑनलाइन माहिती. ऐपतवाल्यांनी पोरं इंग्रजी शाळेच्या व्हॅनमध्ये बसवली (मीही त्यातलाच, खोटं कशाला बोलू). मागं उरली ती व्हॅन न परवडणाऱ्यांची. आता त्यांचीच शाळा सरकारला जड झाली.

तुमच्या गावच्या शाळेचा पट किती? शाळा व्यवस्थापन समितीत कोण आहे? येत्या ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इथं कमेंटमध्ये लिहा.