साक्षीदाराच्या हातातला फोन

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. दादरहून ठाण्याकडे निघालेल्या संध्याकाळच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवरून भांडण जुंपले. मुंबईकरांना अशी भांडणे नवी नाहीत. एकाने 'जरा सरका' म्हणायचे, दुसऱ्याने कपाळाला आठ्या घालायच्या, दोन स्टेशने तोंडाची वाफ दवडायची आणि घाटकोपर आले की सारे विसरून जायचे, असा हा रिवाज. त्या दिवशी मात्र 'सरका' म्हणणारा मुलगा ईशान्येकडचा होता. बाकावरच्या पन्नाशीच्या गृहस्थांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळले आणि हिंदीत सुनावले, की आधी आपल्या देशात जाऊन बस. मुलगा शांतपणे म्हणाला, "अंकल, मैं इंफाल से हूँ. वो भी इंडिया में ही है." डब्यात हशा पिकला. तो कोणाच्या बाजूचा होता, हे मला आजही सांगता येणार नाही. गृहस्थांचा पारा चढला. 'चिनी'पासून सुरुवात झाली आणि पुढचे शब्द येथे लिहिण्याजोगे नाहीत. तेवढ्यात चार-पाच जणांनी खिशातून मोबाइल काढले. त्यांत मीही होतो.

एक मिनिट चाळीस सेकंदांचे चित्रण माझ्याकडे झाले. मुलगा मुलुंडला उतरून गर्दीत नाहीसा झाला. घरी आल्यावर मी मोठ्या संतापाने ते चित्रण मुलीला दाखवले. तिने ते पुरते पाहिले आणि एवढेच विचारले, "बाबा, पण तुम्ही काय म्हणालात त्या काकांना?"

चित्रणात माझा आवाज कोठेच नव्हता.

अनोळखी माणसांची भर रस्त्यातली बाचाबाची, तिच्यातून डोकावणारा वंशाचा पूर्वग्रह आणि ती टिपणारा कॅमेरा, या तिन्हींचा संबंध अमेरिकेत गेली तीस-पस्तीस वर्षे तपासला जात आहे. मुलीच्या प्रश्नाने मला त्या साऱ्या घटना नव्याने आठवल्या.

त्यांतली सर्वांत बोलकी घटना २५ मे २०२० ची. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 'रॅम्बल' नावाचा दाट झाडीचा भाग आहे. वसंत ऋतूत स्थलांतर करणारे पक्षी तेथे उतरतात, म्हणून पक्षिनिरीक्षकांचे ते आवडते ठिकाण. तेथे कुत्र्याला साखळी बांधूनच न्यावे, असा नियम आहे. त्या सकाळी ख्रिश्चन कूपर नावाचे कृष्णवर्णीय गृहस्थ दुर्बीण घेऊन आले होते. वय सत्तावन्न, शिक्षण हार्वर्डचे, एके काळी मार्व्हलच्या कॉमिक्सचे संपादक. एका गौरवर्णीय बाईंचा कुत्रा मोकळा धावत होता. कूपर यांनी साखळी बांधायला सांगितले, बाईंनी नकार दिला. मग त्यांनी कुत्र्याला देण्यासाठी खिशातून खाऊ काढला आणि फोनवर चित्रण सुरू केले.

पुढचे साऱ्या जगाने पाहिले. बाई चालून आल्या. 'जवळ येऊ नका' असे कूपर विनवत राहिले. तेव्हा बाईंनी त्यांना बजावले, की मी पोलिसांना फोन करून सांगते, एक आफ्रिकन-अमेरिकन माणूस माझ्या जिवावर उठला आहे. आणि त्यांनी खरोखरच तसा फोन केला. बोलता बोलता त्यांचा आवाज घाबराघुबरा होत गेला. समोरचा माणूस मात्र होता तेथेच उभा होता. नियम मोडला बाईंनी आणि पोलिसांना बोलावले तेही बाईंनीच.

यात एक गोष्ट सहज निसटून जाते. त्या बाईंनी एकही शिवी दिली नाही. 'आफ्रिकन-अमेरिकन' हा तर सुशिक्षितांच्या तोंडचा सभ्य शब्द. परंतु आपण गोऱ्या आहोत, समोरचा काळा आहे आणि पोलिसांच्या कानी हा एक शब्द गेला की पारडे आपल्या बाजूला झुकेल, हे त्यांना त्या रागाच्या क्षणीही पक्के ठाऊक होते. पूर्वग्रह म्हणजे नेहमी उघड द्वेषच असतो असे नाही. कोणाच्या बोलण्यावर विश्वास बसणार आणि कोणाच्या नाही, याचा मनात तयार असलेला हिशेब म्हणजेही पूर्वग्रह.

हा हिशेब अमेरिकेत किती महाग पडला आहे, हे कळण्यासाठी १९५५ पर्यंत मागे जावे लागते. शिकागोचा चौदा वर्षांचा एमेट टिल हा कृष्णवर्णीय मुलगा ऑगस्टमध्ये मिसिसिपीत नातलगांकडे राहायला गेला. एका किराणा दुकानातल्या गोऱ्या बाईशी तो आगाऊपणे वागला, असा बोभाटा झाला. त्याला रात्री घरातून उचलून नेऊन ठार मारण्यात आले. केवळ गोऱ्या पुरुषांच्या ज्यूरीने दोघा आरोपींना तासाभराच्या खलबतानंतर निर्दोष सोडले. पुढे त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली. टिलच्या आईने मात्र शवपेटी उघडी ठेवायला लावली आणि मुलाच्या विद्रूप चेहऱ्याची छायाचित्रे छापू दिली. त्या छायाचित्रांनी अमेरिकेतील नागरी हक्कांच्या चळवळीला मोठी चालना दिली. सेंट्रल पार्कमध्ये फोन धरून उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीशी हा सारा इतिहास होता.

मग कॅमेरा आला की न्याय आला, असे म्हणावे काय? तसे नाही. ३ मार्च १९९१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय तरुणाला लाठ्यांनी झोडपले. समोरच्या इमारतीत राहणाऱ्या जॉर्ज हॉलिडे यांनी आपल्या हँडीकॅमवर ते टिपले आणि टेप दूरचित्रवाणी केंद्राला दिली. आता शिक्षा ठरलेलीच, असे लोकांना वाटले. परंतु खटल्यात बचाव पक्षाने तीच टेप संथ गतीने, तुकड्या-तुकड्याने दाखवली आणि पोलिसांच्या प्रत्येक फटक्याचे समर्थन केले. २९ एप्रिल १९९२ रोजी एकही कृष्णवर्णीय सदस्य नसलेल्या ज्यूरीने चौघा पोलिसांना मारहाणीच्या आरोपातून सोडले. त्यानंतर उसळलेल्या दंगलीत साठांहून अधिक माणसे मेली. पुढच्या वर्षी संघराज्याच्या न्यायालयाने त्यांतल्या दोघांना शिक्षा केली. चित्रण जसे होते तसेच राहिले, बघणारी नजर तेवढी बदलली.

सेंट्रल पार्कच्याच दिवशी, २५ मे २०२० च्या संध्याकाळी, मिनियापोलिसमध्ये एका पोलिसाने जॉर्ज फ्लॉइडच्या मानेवर नऊ मिनिटांहून अधिक काळ गुडघा दाबून धरला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात केवळ 'वैद्यकीय कारणा'चा उल्लेख होता. डार्नेला फ्रेझिअर या सतरा वर्षांच्या मुलीने फोनवर चित्रण केले नसते, तर ते निवेदनच खरे ठरण्याचा मोठा संभव होता. एप्रिल २०२१ मध्ये तो पोलीस खुनाबद्दल दोषी ठरला. त्याच वर्षी या मुलीला पुलित्झरचे विशेष मानपत्र मिळाले. परंतु न्यायालयात साक्ष देताना तिने सांगितले, की आपण आणखी काही केले नाही म्हणून फ्लॉइडची माफी मागत मी कित्येक रात्री जागून काढल्या आहेत. शस्त्रधारी पोलिसांपुढे तिला अधिक काय करता आले असते? तरीही तिला रुखरुख लागली. आमच्या डब्यात तर कोणाकडेच शस्त्र नव्हते.

या चित्रणांची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. जानेवारी २०१९ मध्ये वॉशिंग्टनच्या लिंकन स्मारकाजवळचा एक छोटा तुकडा जगभर फिरला. लाल टोपी घातलेला गोरा शाळकरी मुलगा, समोर ढोल वाजवणारे मूळ अमेरिकी वंशाचे ज्येष्ठ गृहस्थ. मुलगा त्यांची वाट अडवून कुत्सितपणे हसतो आहे, असा निवाडा लोकांनी तासाभरात देऊन टाकला. मागाहून लांब चित्रणे बाहेर आली. तिसराच एक गट आधीपासून त्या मुलांना डिवचत होता आणि ढोलवाले गृहस्थ स्वतःच त्यांच्याकडे चालत आले होते, असे त्यांत दिसले. काही मोठ्या वृत्तसंस्थांना पुढे त्या मुलाशी तडजोड करावी लागली.

सेंट्रल पार्कच्या चित्रणाचीही सुरुवात अर्ध्यातूनच होते. परंतु कूपर यांनी आधी काय घडले ते स्वतःच लिहून जाहीर केले. 'तुम्ही मनाला येईल ते करणार असाल तर मीही करीन, आणि ते तुम्हाला आवडणार नाही,' हे स्वतःचे वाक्यही त्यांनी लपवले नाही. साक्षीदार कसा असावा, याचा हा धडाच म्हणायचा. त्या बाईंची नोकरी दुसऱ्याच दिवशी गेली. त्यांना ठार मारण्याच्या धमक्या आल्या, तेव्हा कूपर यांनी त्यांचाही निषेध केला. खोटी तक्रार केल्याबद्दल बाईंवर खटला भरला गेला, पण त्यांना पुरेशी किंमत मोजावी लागली आहे असे म्हणून कूपर यांनी सरकारी पक्षाला सहकार्य नाकारले. वंशविषयक पूर्वग्रहाबाबतचे समुपदेशन बाईंनी पूर्ण केल्यावर फेब्रुवारी २०२१ मध्ये तो खटला काढून टाकण्यात आला. कायद्याची वाट मात्र मोकळी झाली होती. वंश, धर्म अशा कारणांवरून विनाकारण पोलिसांना बोलावणाऱ्यावर पीडिताला दिवाणी दावा लावता यावा, अशी तरतूद न्यूयॉर्क राज्याने जून २०२० मध्येच केली.

हे सारे 'तिकडचे' म्हणून सोडून देता येत नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये टेक्सासमधल्या प्लेनो शहरात, हॉटेलबाहेरच्या वाहनतळावर चार भारतीय वंशाच्या महिलांना एका बाईने 'भारतात परत जा' म्हणून शिवीगाळ केली, हातही उगारला. महिलांनी चित्रण केले आणि त्या बाईला अटक झाली. आपल्याकडे ज्यांची मुले-सुना अमेरिकेत आहेत, त्या घराघरांत ती चित्रफीत हळहळत पाहिली गेली. हळहळणे योग्यच होते. पण मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडाच्या एका मॉलमध्ये नायजेरियन विद्यार्थ्यांना जमावाने खुर्च्यांनी आणि कचऱ्याच्या डब्यांनी मारले, त्याचीही चित्रफीत होती. एका स्थानिक मुलाच्या मृत्यूनंतर अमली पदार्थांवरून त्यांच्याविषयी अफवा उठल्या होत्या. ती चित्रफीत आपल्या घरांत कितीशी पाहिली गेली? आणि २०१४ च्या जानेवारीत दिल्लीत केसांवरून झालेल्या टिंगलीतून मारहाण होऊन अरुणाचलच्या निदो तानियाचा जीव गेला, ते तरी कितींच्या लक्षात आहे?

निदोच्या मृत्यूनंतर सरकारने बेझबरुआ समिती नेमली. वंशावरून हिणवणे हा स्वतंत्र गुन्हा ठरवावा, अशी तिची शिफारस होती. जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत वंश, जात, भाषा, जन्मस्थान अशा कारणांवरून जमावाने केलेल्या खुनासाठी वेगळी तरतूद आली. रेल्वेच्या डब्यातल्या 'चिनी'साठी मात्र समितीने सुचवले तसे स्वतंत्र कलम आले नाही. म्हणजे तो शब्द अडवण्याचे काम अजून डब्यातल्या माणसांकडेच आहे.

मग फोन काढूच नये काय? काढावा. दुर्बळाचे म्हणणे खरे ठरवणारे तेवढे एकच साधन कित्येकदा हाताशी असते. पण एप्रिल २०१८ मध्ये फिलाडेल्फियात घडले ते ध्यानात ठेवावे. मित्राची वाट पाहत स्टारबक्समध्ये बसलेल्या दोघा कृष्णवर्णीय तरुणांना, काही मागवले नाही म्हणून बेड्या पडल्या. ग्राहकांनी चित्रण केले आणि त्याच वेळी 'यांनी काहीच केलेले नाही' असे ते पोलिसांना मोठ्याने सांगत होते. पुढच्याच महिन्यात कंपनीला प्रशिक्षणासाठी अमेरिकेतली आठ हजारांहून अधिक दुकाने एक दुपार बंद ठेवावी लागली. त्या चित्रणात बघ्यांचा आवाज आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

मी माझे चित्रण कोठे पाठवले नाही. त्या गृहस्थांचा चेहरा चव्हाट्यावर मांडून माझे गप्प बसणे भरून निघणार नव्हते. आठवड्याने मी ते पुसून टाकले आणि तेव्हा मला त्यात मोठेपणा वाटला. आता वाटतो तो फक्त चुकारपणा. ते चित्रण माझे नव्हते, त्या मुलाचे होते. मुलुंडला त्याच्यामागोमाग उतरून 'हे तुझ्याकडे ठेव, तक्रार करणार असशील तर मी साक्षीला येतो' असे मी म्हणायला हवे होते. आणि त्याच्याही आधी, बाकावर जरा सरकून, त्याला बसायला सांगायला हवे होते.

त्या दिवशी मला बसायला जागा मिळाली होती. मी समोरच्याच बाकावर होतो.