तीनशे शहात्तरची पाटी

2007 साली मी पिट्सबर्गच्या विमानतळावर पहिल्यांदा उतरलो, तेव्हा न्यायला आलेल्या भाच्याने गाडीत बसल्या बसल्या माझ्या हातात एक कागद दिला. घरच्या प्रिंटरवर काढलेला, शाई संपत आल्यामुळे निम्मी अक्षरं गुलाबी पडलेली. "मामा, तू फक्त वाचत जा. मी चालवतो." त्याला त्या गावात येऊन दोनच महिने झाले होते.

कागदावर होतं: 60 साउथ. मग 22/30 ईस्ट. मग 279 नॉर्थ. मग 376 ईस्ट. विमानतळापासून शहरापर्यंतचं अंतर तीसेक किलोमीटर. आम्हाला जायचं होतं शहराच्या पूर्वेला, म्हणजे सरळ एकाच दिशेला. पण पाट्यांच्या हिशेबाने आम्ही आधी दक्षिणेला, मग पूर्वेला, मग उत्तरेला आणि पुन्हा पूर्वेला निघालो होतो. रस्ता मात्र एकच. कुठे सिग्नल नाही, कुठे वळून दुसऱ्या रस्त्याला लागलो असं नाही. डांबर तेच, फक्त दर काही मैलांनी त्याचं नाव बदलत होतं.

शेवटी फोर्ट पिटचा बोगदा आला. मैलभरापेक्षा छोटा. आत पिवळा उजेड, बाहेर काहीच दिसत नाही, आणि बोगदा संपतो त्या क्षणी समोर सगळं शहर एकदम उभं राहतं: उंच इमारती, पिवळे पूल, दोन नद्या मिळून तिसरी होते तो संगम. गावात शिरायचा इतका नाटकी दरवाजा मी दुसरा पाहिलेला नाही. मी बघत राहिलो. अर्थात, ज्याच्या हातात कागद आहे त्याने तेव्हा बघत राहायचं नसतं. बोगद्याच्या तोंडालाच पूल आहे, आणि पुलावर काही सेकंदांत ठरवायचं असतं: डावीकडे 279, उजवीकडे 376. "मामा, डावीकडे की उजवीकडे?" मी कागदात ओळ शोधेपर्यंत आम्ही नदीपलीकडच्या स्टेडियमपाशी पोचलो होतो.

दोन वर्षांनी, 2009 मध्ये, तो कागद जुना झाला. विमानतळावरून जाणाऱ्या त्या सबंध रस्त्याला 376 हाच क्रमांक देण्यात आला. पूर्वी हा क्रमांक शहराच्या मध्यापासून पूर्वेला मनरोव्हिलपर्यंतच होता. आता तो पश्चिमेला बोगद्यातून विमानतळाकडे आणि तिथून उत्तरेला बीव्हर, न्यू कॅसल करत शेरॉन गावाजवळ इंटरस्टेट 80 या आंतरराज्य महामार्गाला जाऊन टेकला. एकूण लांबी 85 मैलांच्या घरात. त्यासाठी फार मोठा नवा रस्ता बांधावा लागला नाही. रस्ता होताच, त्यावर इंटरस्टेटची लाल-निळी, ढालीच्या आकाराची पाटी आली.

या सदराच्या वाचकांना माझा पाट्यांचा नाद ठाऊक आहे, म्हणून क्रमांकाचं थोडं व्याकरण सांगतो. अमेरिकेत इंटरस्टेटचा क्रमांक तीन आकडी असेल तर शेवटचे दोन आकडे त्याच्या आईबापाचे. 376 हे 76 चं पोर. पहिला आकडा विषम असेल तर तो फाटा, म्हणजे मुख्य रस्त्यावरून निघून गावात संपणारा. सम असेल तर दोन्ही टोकांना इंटरस्टेटला मिळणारा. 376 चा 3 हा मूळच्या फाट्याचा. आता त्याचं एक टोक 76 वर आणि दुसरं 80 वर आहे, म्हणजे नियमाने तो सम व्हायला हवा होता. कुणी मनावर घेतलं नाही. आधीच या रस्त्याच्या पूर्वेकडच्या तुकड्याला पुरेशी नावं लागून गेली होती: तो एकेकाळी 70 होता, 1964 नंतर 76 झाला आणि 1972 पासून 376. गावातली माणसं या सगळ्या काळात त्याला पार्कवेच म्हणत आली. पूर्वेचा तो पार्कवे ईस्ट, पश्चिमेचा तो पार्कवे वेस्ट.

आता प्रश्न असा की नुसत्या पाटीसाठी एवढा खटाटोप का? 2005 च्या केंद्रीय वाहतूक कायद्यातच या क्रमांकाची तरतूद घातली होती. एरवीची रीत अशी, की राज्याने अर्ज करायचा, राज्यांच्या महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने आकडा तपासायचा, संघीय महामार्ग प्रशासनाने रस्ता मापात बसतो का ते बघायचं: लेन 12 फूट, उजवी बाजूपट्टी 10 फूट, मध्ये कुठे चौक नाही. पण खासदारांनी कायद्यातच आकडा लिहिला की बाकीचं काम सोपं होतं. पेनसिल्व्हेनियाला याची सवय आहे. तिथलेच बड शुस्टर हे प्रतिनिधिगृहाच्या वाहतूक समितीचे अध्यक्ष असताना 1995 च्या कायद्यात त्यांनी आपल्या मतदारसंघातल्या रस्त्याला इंटरस्टेट 99 असा आकडा लिहून घेतला. उत्तर-दक्षिण जाणाऱ्या इंटरस्टेटचे क्रमांक पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात, त्या हिशेबाने 99 ची जागा समुद्रकिनाऱ्यालगत. हा आहे डोंगरात, 79 आणि 81 यांच्या मधोमध. का, तर लहानपणी त्यांच्या गावाला 99 नंबरची ट्राम जायची, असं ते सांगत.

376 मागे अशी हळवी गोष्ट नाही. तिथली गोष्ट पोटाची आहे. त्या रस्त्यावरची बीव्हर, न्यू कॅसल ही गावं पोलाद, कथील आणि चिनीमातीच्या कारखान्यांवर वाढली आणि कारखाने गेल्यावर ओस पडत गेली. (न्यू कॅसल आजही स्वतःला अमेरिकेची फटाक्यांची राजधानी म्हणवतं. आपल्या शिवकाशीचं भावंड.) अशा गावांच्या व्यापारी मंडळांना ढालीची पाटी हवी असते. जागा शोधणारा कंपनीचा माणूस नकाशा उघडतो, त्यावर निळी जाड रेघ कुठे आहे ते बघतो आणि ती नसेल तर पान उलटतो, ही त्यांची समजूत. आणि विमानतळ? विमानतळ असूनही त्याला इंटरस्टेट नाही, हे त्यांना मुलगा इंजिनिअर होऊन बिनलग्नाचा राहिल्यासारखं वाटत होतं.

पण विमानतळाचीच कथा ऐका. 1992 च्या ऑक्टोबरात तिथं नवं टर्मिनल उघडलं. खर्च जवळपास 1 अब्ज डॉलर. फुलीच्या आकाराची इमारत, जमिनीखालून धावणारी बिनचालकाची गाडी, विमानांना वळायला ऐसपैस जागा. सगळी रचना यूएसएअर (पुढची यूएस एअरवेज) या एका कंपनीच्या सोयीने झालेली, कारण पिट्सबर्ग हे तिचं हब. लोक एका विमानातून उतरून दुसऱ्यात बसायचे. निम्म्याहून जास्त प्रवाशांना पिट्सबर्ग गावाशी काही देणंघेणं नव्हतं. दक्षिणेकडून विमानतळाला जोडणारा द्रुतगती रस्ता त्याच वेळी झाला. 1997 मध्ये प्रवाशांचा आकडा 2 कोटींच्या वर गेला. मग 2001 आलं, कंपनीची दिवाळखोरी आली, आणि 2004 मध्ये तिने इथलं हब बंद केलं. 2009 मध्ये रस्त्यावर 376 च्या पाट्या लागत होत्या तेव्हा विमानतळावर वर्षाला 80 लाखांच्या आसपास माणसं येत होती. फुलीचे कित्येक दरवाजे बंद होते. राष्ट्रीय दर्जाचा विमानतळ प्रादेशिक झाल्यावर त्याला आंतरराज्य दर्जाचा रस्ता मिळाला. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

याचा दोष पाटीला देता येत नाही. पाटीमुळे विमानं गेली नाहीत. पण तिच्यामुळे ती परतलीही नाहीत, हे मात्र व्यापारी मंडळांच्या पत्रकांत सापडत नाही. पुढे या रस्त्यालगत मोठा कारखाना आलाही. मोनाकाजवळ, जस्ताच्या जुन्या भट्टीच्या जागी, शेल कंपनीचा प्लॅस्टिकचा कच्चा माल बनवणारा प्रकल्प 2022 मध्ये सुरू झाला. 376 त्याला अगदी खेटून जातो. त्याचं श्रेय पाटीला देणारे भेटतील. पण शेल तिथं आली ती जमिनीखालच्या शेल-खडकातल्या वायूसाठी (नावातला योगायोग माझा नाही) आणि राज्याने देऊ केलेल्या करसवलतीसाठी. रस्ता उपयोगी पडला हे खरं. पण ट्रकच्या चाकाला खालच्या रस्त्याचा नंबर 60 आहे की 376, हे कळत नाही.

पैशाचं म्हणाल तर तेही नीट पाहायला हवं. इंटरस्टेटच्या कामाला केंद्राचा वाटा 90 टक्के, इतर रस्त्यांना साधारण 80. हा फरक आहे, नाही असं नाही. पण राज्याला मिळणारी एकूण रक्कम सूत्राने ठरते. 2012 च्या कायद्यानंतर इंटरस्टेटच्या देखभालीचा स्वतंत्र निधीही उरला नाही, सगळं राष्ट्रीय महामार्गांच्या एकाच हौदात गेलं. ढाल असो वा नसो, महत्त्वाचा रस्ता त्याच हौदातलं पाणी पितो. गंमत अशी, की विमानतळाकडचा रस्ता, ज्याला ढाल मिळावी म्हणून धावपळ झाली, तो नवा, रुंद, सरळ. आणि पूर्वेचा पार्कवे, ज्याच्या अंगावर ढाल कित्येक वर्षं मिरवत होती, तो 1950 च्या दशकातला: आखूड चढण्या, स्क्विरल हिलच्या बोगद्याच्या तोंडाशी विनाकारण ब्रेक मारणाऱ्या गाड्यांची रोजची रांग. आज तोच आराखडा घेऊन कुणी ढाल मागायला गेलं तर दारातूनच परत पाठवतील.

मग हा क्रमांक वाढवला तो फुकटच का? माझं मत तसं नाही. तो चुकीच्या कारणासाठी मागितला गेला, पण त्याचा उपयोग झाला तो त्या गुलाबी कागदाला. विमानतळावरून निघालेल्या नवख्या माणसाला आता चारऐवजी एकच आकडा लक्षात ठेवायचा असतो. पूर्वी दक्षिण-पूर्व-उत्तर-पूर्व होतं, आता नुसतं ईस्ट. एवढ्यासाठीही पाट्या बदलणं मला महाग वाटत नाही. व्यापारी मंडळाने हेच कारण दिलं असतं तर मी टाळ्या वाजवल्या असत्या. पण रस्ता चुकणाऱ्या मामासाठी कायद्यात ओळ कोण घालतं?

आपल्याकडे याच्या उलट झालं. 2010 मध्ये देशभरातल्या राष्ट्रीय महामार्गांचे क्रमांक नव्याने दिले गेले. चारचा 48 झाला, सतराचा 66. आखणी छान, शास्त्रशुद्ध, अमेरिकेसारखीच मूळ आणि फाटे दाखवणारी. पण साताऱ्यात कुणाला 48 कुठे म्हणून विचारा. तो पुणे-बंगळूर हायवे, आणि जुना माणूस असेल तर 'एनएच फोर'. गोव्यात मोपाला जानेवारी 2023 मध्ये विमानं सुरू झाली आणि धारगळहून तिथं जाणारा सहापदरी जोडरस्ता 2024 च्या जुलैत खुला झाला. त्या रस्त्यालाही राष्ट्रीय महामार्गाचा क्रमांक आहे: 166एस. मी पणजीच्या दोन टॅक्सीवाल्यांना विचारलं. एक म्हणाला, तो बसचा नंबर असेल. दुसरा हसला. त्याचं काही अडत नाही, कारण त्याला रस्ता पाठ आहे. क्रमांक हवा असतो तो ज्याला पाठ नाही त्याला, आणि त्याच्यासाठी आकडा मोठा, दुरून दिसेल असा, प्रत्येक फाट्याआधी लावलेला असावा लागतो. तिकडे सिंधुदुर्गात चिपीला 2021 च्या ऑक्टोबरात विमान उतरलं आणि नंतर सेवा कधी चालू, कधी बंद. कुडाळहून पाट-परुळ्यामार्गे तिथं जाणाऱ्या रस्त्याला उद्या तीन आकडी क्रमांक द्या. मुंबईचं विमान त्यामुळे वाढणार नाही. विमान येतं प्रवासी असले की. फार तर वाट चुकून कोरजाईच्या खाडीकाठी पोचणारा एखादा पाहुणा कमी होईल, आणि तेही पाटी माडाच्या झावळ्यांआड गेली नाही तर.

2012 मध्ये मी परत पिट्सबर्गला गेलो. भाचा आता मुरलेला होता. कागद नव्हता, डॅशबोर्डवर फोन होता आणि त्यातली बाई बोलत होती. मला वाटलं, झालं, एक क्रमांकाची सोय झाली आणि तीन वर्षांतच तिचीही गरज संपली. या रस्त्याच्या नशिबी सगळं उशिराच. वाटेत एक हिरवी ढाल दिसली: बिझनेस लूप 376. मून टाउनशिपमधून 1952 च्या जुन्या टर्मिनलकडे जायचा तो रस्ता. टर्मिनल पाडलं, रस्त्याला मात्र नव्या क्रमांकाचं धाकटं भावंड म्हणून ठेवून घेतलं. (1992 च्या टर्मिनलचीही पाळी पुढे आलीच. 2025 च्या नोव्हेंबरात नवं टर्मिनल उघडलं, मुद्दाम गावातल्या प्रवाशांपुरतं मापलेलं, आणि जमिनीखालची गाडी थांबली.)

आम्हाला त्या दिवशी आधी पेन हिल्सच्या वेंकटेश्वराला जायचं होतं. 1970 च्या दशकात टेकडीवर बांधलेलं हे देऊळ पार्कवे ईस्टपासून जवळच आहे. एका टोकाला विमानतळ, दुसऱ्या बाजूला बालाजी, मध्ये एकच आकडा. फोनमधली बाई कार्नेगीपर्यंत अखंड बोलत होती. बोगद्यात शिरलो आणि ती गप्प झाली. वर डोंगर, उपग्रह दिसणार कुठून? बोगदा संपला, समोर शहर उभं राहिलं, पूल सुरू झाला आणि ती अजून स्वतःला शोधत होती.

मी या वेळी शहराकडे बघितलं नाही. वर बघितलं. उजव्या लेनवर ढाल होती.

"उजवीकडे राहा," मी म्हणालो.

"माहितीये रे मामा," भाचा म्हणाला.