उन्हाळ्याच्या सूचना : कोणी कोणाला द्यायच्या?

'दुरुस्तीच्या कामासाठी येत्या गुरुवारी शहराचा पाणीपुरवठा बंद राहील. शुक्रवारी सकाळी उशिरा व कमी दाबाने पाणी येईल. नागरिकांनी सहकार्य करावे.' ही तीन वाक्ये पुणेकरांना इतकी पाठ झाली आहेत, की एखाद्या बुधवारी ती वर्तमानपत्रात छापून आली नाहीत तरी पेठांतल्या घरांत पिंपे भरून ठेवली जातील. मार्च सरत आला की या सूचनेच्या मागोमाग बाकीच्यांची रांग लागते. धरणांत पाणी कमी आहे, काटकसर करा. नळाला थेट मोटर लावू नका. पिण्याच्या पाण्याने गाड्या धुऊ नका. दुपारी बारा ते चार उन्हात हिंडू नका. मिळकतकर मुदतीत भरा आणि सवलत घ्या. धोकादायक वाड्यांतल्या रहिवाशांनी पावसाळ्यापूर्वी जागा खाली करावी. झाडाची फांदी तोडायची असेल तर आधी परवानगी घ्यावी.

पुणे हे पाट्यांचे शहर असल्याने सूचनांचे आपल्याला वावडे नाही. शिवाय वरच्या यादीत चुकीचे असे काहीच नाही. नळाला मोटर लावणारा शेजाऱ्याचे पाणी ओढतो, हे खरेच आहे. पण या सगळ्या सूचना एकाखाली एक मांडून वाचल्या तर एक गंमत ध्यानात येते. सगळ्यांचे व्याकरण एकच आहे. कर्ता नागरिक, क्रियापद आज्ञार्थी आणि महापालिका वाक्यात कोठेच नाही! जणू उन्हाळ्यात काम करायचे ते फक्त नागरिकांनी आणि आठवण करून द्यायची ती फक्त महापालिकेने.

वास्तविक उन्हाळा हा बेगमीचा हंगाम. शेतकरी या दिवसांत नांगरट आणि बांधबंदिस्ती उरकतो. कोकणात घरे शाकारली जातात. घरोघरी पापड-कुरडया वाळतात. पुढच्या चार महिन्यांची तजवीज या दोन-अडीच महिन्यांत झाली नाही तर ती होत नाही, हे खेड्यातल्या पोरालाही ठाऊक असते. शहराचीही अशी बेगमी असते. ती कोणी केली, कोठवर आली आणि राहिली तर का राहिली, हे सांगणारी सूचना मात्र आपल्या वाचनात सहसा येत नाही.

शंभरातल्या चाळीस बादल्या

पाण्यापासूनच सुरुवात करू. पुण्याची मुख्य तहान भागते ती खडकवासला साखळीतल्या चार धरणांवर. वरसगावची क्षमता १२.८२ अब्ज घनफूट, पानशेतची १०.६५, टेमघरची ३.७१ आणि खडकवासल्याची अवघी १.९७. सारी मिळून सुमारे २९ अब्ज घनफूट, म्हणजे वर्तमानपत्री भाषेत २९ टीएमसी. एका टीएमसीत जवळजवळ २,८३० कोटी लिटर पाणी मावते. याच साठ्यावर हवेली, दौंड आणि इंदापूर तालुक्यांतली शेतीही उभी आहे. कालवा सल्लागार समितीच्या बैठकीत शहराला किती आणि उन्हाळी आवर्तनाला किती याची ओढाताण होते आणि तिच्या निकालावर आपल्या नळाचे भवितव्य ठरते. दौंडच्या शेतकऱ्याला पुणेकर उधळे वाटतात, पुणेकराला ऊस दिसतो. दोघांचेही थोडेथोडे खरे आहे.

या भांडणात एक तिसरा भागीदार असतो आणि त्याला कोणी बैठकीला बोलावत नाही. तो म्हणजे गळती. शुद्ध केलेल्या पाण्यापैकी सुमारे चाळीस टक्के पाणी वाटेतच नाहीसे होते, असे महापालिकाच वर्षानुवर्षे सांगत आली आहे. म्हणजे पर्वतीच्या जलकेंद्रातून शंभर बादल्या निघाल्या तर चाळीस जमिनीत किंवा हिशेबाबाहेर जातात आणि उरलेल्या साठांतली एक वाचवा, असे सूचनेत आपल्याला सांगितले जाते. ती एक आपण जरूर वाचवू. पण त्या चाळिसांचे काय झाले, हे कोणत्या गुरुवारी कळणार?

गळती थांबावी आणि सर्वांना सारखे पाणी मिळावे म्हणून चोवीस तास समान पाणीपुरवठ्याची योजना आखली गेली. तिच्यासाठी महापालिकेने जून २०१७ मध्ये २०० कोटी रुपयांचे कर्जरोखे काढले आणि मुंबई शेअर बाजारात त्यांची वाजतगाजत नोंद झाली. नव्या टाक्या, नव्या जलवाहिन्या आणि घरोघरी मीटर असा तो बेत होता. त्यानंतर आठ-नऊ उन्हाळे सरले. टाक्या उभ्या राहिल्या, रस्ते खोदले गेले, मीटरही बसले. पण गुरुवारची सूचना काही निवृत्त झाली नाही.

आणि ज्यांच्याकडे नळच पोचलेला नाही त्यांना गुरुवार काय आणि रविवार काय? महापालिकेत २०१७ मध्ये ११ आणि जून २०२१ मध्ये आणखी २३ गावे घेतली गेली. त्यांतल्या अनेक वस्त्यांचा उन्हाळा टँकरच्या फेऱ्यांवर जातो. टँकर कोणत्या विहिरीवर भरला आणि त्यात क्लोरीन पडले की नाही, हे पिणाऱ्याला कळत नाही. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गुइलेन बारे सिंड्रोमची साथ आली. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेवर गेला आणि तपासाचा रोख पाण्याकडे वळला. तेव्हा 'पाणी उकळून प्या' ही सूचना तत्काळ आली. पाणी तपासले जात आहे का, ही सूचना आधी उलट दिशेने जायला हवी होती.

मृगाची वाट कशाला?

उन्हाळ्यातले दुसरे मोठे काम म्हणजे नालेसफाई. आंबिल ओढा हा आपला सर्वांत जुना शिक्षक. एके काळी तो आजच्या मध्यवस्तीतून वाहत होता. नानासाहेब पेशव्यांच्या काळात त्याचा प्रवाह पर्वतीच्या बाजूने वळवला गेला. त्याच काळात कात्रजच्या तलावांतून भुयारी नळांनी शहराच्या हौदांत पाणी आणले गेले. माणूस आत उतरू शकेल एवढे ते नळ उंच होते आणि जागोजागी उच्छ्वास बांधलेले होते. त्या लोकांनी पाणी आणताना गाळाचा विचार आधी केला होता. आपण ओढ्यावर भिंती बांधल्या, पात्रात इमारती घातल्या, कडेला राडारोडा टाकला आणि गाळाचा विचार मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यावर सोपवला.

२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याने त्याचे उत्तर दिले. कात्रजपासून अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी, सहकारनगरपर्यंत घरांत पाणी घुसले, भिंती कोसळल्या, वाहने वाहून गेली. शहर आणि जिल्हा मिळून वीसहून अधिक माणसे दगावली. धरण फुटले नव्हते की नदीला पूर आला नव्हता. एका ओढ्याला वाहायला जागा उरली नव्हती, एवढेच.

नालेसफाईची मुदत मेअखेर धरण्याची आपली जुनी रीत आहे. मृग ७ जूनच्या सुमारास लागतो, त्याआधी आटोपले म्हणजे झाले, असा तो हिशेब. पण पाऊस आता पंचांग वाचत नाही. २०२५ चा मे महिनाच पावसात गेला आणि २६ मे रोजी मोसमी पाऊस पुण्या-मुंबईत दाखलही झाला, नेहमीपेक्षा सुमारे पंधरवडाभर आधी. मुदत संपायला पाच दिवस बाकी असताना रस्त्यांवर पाणी होते. मुदत पाळली गेली की नाही हा प्रश्नच उरला नाही, कारण मुदतच चुकीची होती.

शिवाय सफाई झाली म्हणजे काय झाले? नाल्यातून उपसलेला गाळ काठावरच ढीग घालून ठेवला तर पहिल्या सरीबरोबर तो स्वगृही परततो आणि ठेकेदाराचे बिल मात्र तोपर्यंत पुढे सरकलेले असते. हे दृश्य पाहिले नाही असा पुणेकर विरळा.

वळीव आणि ऊन

पावसाळ्यापूर्वी वळीव येतो, तो वाऱ्यानिशी. १७ एप्रिल २०२३ रोजी पिंपरी-चिंचवडमधल्या किवळे येथे वादळात जाहिरातीचा लोखंडी फलक कोसळला. पावसापासून आडोसा म्हणून त्याच्याखाली उभी राहिलेली पाच माणसे गेली. पुढच्याच वर्षी, १३ मे २०२४ रोजी, मुंबईत घाटकोपरला पेट्रोल पंपावर अजस्र फलक पडून १७ जणांचा बळी गेला. दोन्ही दुर्घटना उन्हाळ्यातल्या. 'वादळात फलकाखाली उभे राहू नये' ही सूचना बरोबरच आहे. पण एप्रिलपूर्वी किती फलकांची तपासणी झाली आणि किती उतरवले, ही सूचना त्याहून उपयोगाची. झाडांचेही तसेच. १९७५ च्या कायद्यानुसार झाड तोडायला परवानगी लागते आणि ती लागलीच पाहिजे. मात्र धोकादायक फांदीचा अर्ज उन्हाळ्यात दिला तर त्याचा निकाल गणपतीनंतर लागू नये, एवढी माफक अपेक्षा अर्जदाराची असते.

उन्हाचे म्हणाल तर 'पुण्याची हवा' ही आता आठवणीत सांगायची गोष्ट झाली. २८ एप्रिल २०१९ रोजी शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ अंशांवर गेला होता. अशा दिवसांत दुपारी घराबाहेर पडू नका, हा सल्ला योग्य आहे. पण तो कोणाला? झाडणवाल्या बाईला, हातगाडीवाल्याला, बांधकामावरच्या मजुराला, घरोघरचा कचरा वेचणाऱ्या बायांना तो पाळता येत नाही. अहमदाबादने २०१० च्या जीवघेण्या उन्हाळ्यानंतर धडा घेतला आणि २०१३ मध्ये उष्णतेचा कृती आराखडा केला. त्याचा विशेष असा, की पारा ठरावीक अंशावर गेला की कोणत्या खात्याने काय करायचे हे त्यात लिहिलेले होते. सूचना आधी महापालिकेला आणि मग नागरिकाला. आपल्याकडे निदान बसथांब्यांवर सावली आणि चौकाचौकात पाणपोई एवढे तरी कोणा एका अधिकाऱ्याच्या नावावर लिहिता येणार नाही काय?

वेळेवर न आलेली सूचना

सूचनेला आपण हसतो, पण तिचे मोल पुण्याला ठाऊक आहे. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेत फुटले आणि त्यानंतर काही तासांनी पेठांत पाणी शिरले. मधल्या त्या तासांत कित्येक घरांपर्यंत अधिकृत इशारा पोचलाच नाही. लोकांनी ऐकली ती वावडी आणि पाहिला तो थेट लोंढा. ६३ वर्षांनी, २५ जुलै २०२४ रोजी, खडकवासल्यातून सुमारे ३५ हजार क्युसेक पाणी सोडले गेले आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकता नगरीत पहाटे घरे पाण्यात गेली. इशारा वेळेत मिळाला नाही, अशीच रहिवाशांची तक्रार होती. फोन हातोहाती आले, संदेश क्षणात जाऊ लागले, तरी ज्याला कळायला हवे त्याला आधी कळण्याची व्यवस्था अपुरीच राहिली. ही व्यवस्था जुलैत उभी करता येत नाही. नदीकाठच्या कोणत्या इमारतीत पाणी किती क्युसेकला शिरते, तेथे कोणी आणि कसे कळवायचे, वृद्ध आणि आजारी कोणत्या मजल्यावर आहेत, ही यादी एप्रिल-मेमध्येच करावी लागते.

नागरिकांना यातून मोकळे सोडावे, असा याचा अर्थ मुळीच नाही. ओढ्यात प्लास्टिक टाकणारे हात आपलेच आहेत. पर्जन्यजल संधारण आणि सौरऊर्जेच्या नावाखाली मिळकतकरात पाच-दहा टक्के सूट घेऊन त्याच गच्चीवर अडगळ रचणाऱ्या सोसायट्याही आपल्याच. मेमध्ये गच्ची झाडून, पन्हळी मोकळ्या करून, गाळणी धुऊन ठेवली तर विंधनविहिरीला पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पाणी राहते. या कामाला कोणाच्या सूचनेची वाट पाहण्याचे कारण नाही.

पण नागरिकाला एक हक्कही आहे आणि तो २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याने दिला आहे. त्याच्या चौथ्या कलमानुसार सार्वजनिक कार्यालयांनी कोणी अर्ज करण्याची वाट न पाहता आपणहून माहिती जाहीर करायची असते. त्याच आधारावर एक साधी मागणी करता येईल. दर वर्षी १५ एप्रिलला प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने आपल्या दारावर आणि वर्तमानपत्रांत उलटी सूचना द्यावी : आमच्या हद्दीत नाले इतके, साफ झाले इतके, गाळ अमुक ठिकाणी नेऊन टाकला, फलक इतके, तपासले इतके, गळत्या सापडल्या इतक्या, बुजवल्या इतक्या, टँकर भरण्याच्या विहिरी या, पाणी शेवटचे तपासले या तारखेला, जबाबदार अधिकारी अमुक. हीच सूचना १५ मे रोजी पुन्हा, आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर तिसऱ्यांदा.

एवढे लिहायला जागा आणि माणसे कोठून आणायची, असे विचारले जाईल. ज्या शहरात पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला चौक अपुरे पडतात, तेथे जागेची अडचण सांगू नये. माणसांचे म्हणाल तर ज्याने काम केले त्याला ते लिहायला अर्धा तास पुरतो. वेळ लागतो तो न केलेल्या कामाचा मजकूर जुळवायला. मार्च २०२२ पासून जवळपास चार वर्षे महापालिकेत लोकांनी निवडलेले सभागृहच नव्हते. विचारायचे कोणाला, हा प्रश्न तेव्हा खरा होता. जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक झाल्यानंतर ती सबब उरलेली नाही. प्रभागातला नगरसेवक मते मागायला आला होता त्याच दारातून त्याला नाल्याची यादी मागता येते.

तेव्हा या आठवड्यात पिंपे भरताना प्रत्येक गृहरचना संस्थेने आणि मोहल्ल्याने एवढेच करावे : आपल्या क्षेत्रीय कार्यालयाला दोन ओळींचे पत्र द्यावे, पोच घ्यावी आणि उत्तराची तारीख लिहून ठेवावी. पत्राच्या शेवटी 'महापालिकेने सहकार्य करावे' असे लिहायला विसरू नये.