नाते हा पुरावा नव्हे

ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला, असे आपण सहज म्हणून जातो. बैलांच्या बाबतीत ते खरे असेलही. पण माणूस पोलीस ठाण्यात उभा असतो, तेव्हा ही म्हण फार महागात पडते. भाऊ चोर निघाला, दोघे एकाच घरात राहतात, म्हणजे हाही चोरच, हा तर्क मुळातच लंगडा आहे.

कायदा संगत पाहतच नाही, असे मात्र नाही. एकाने घर फोडले आणि दुसरा ठरल्याप्रमाणे दाराशी पहारा देत राहिला, तर कुलपाला हात न लावताही तो तितकाच दोषी. भारतीय दंड विधानाच्या कलम ३४ मधील ही तरतूद १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ३(५) मध्ये आली आहे. पण तिथेही दोघांचा इरादा एकच होता, हे सिद्ध करावे लागते. नुसते शेजारी उभे असणे पुरत नाही.

एका जमान्यात कायद्याने हा भेदच पुसून टाकला होता. १८७१ साली इंग्रजांनी गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि पुढे जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरल्या. पोलिसांकडे हजेरी, परवानगीवाचून गाव सोडायची बंदी. सोलापुरात तर त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणातली वसाहत होती. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. पण गावात चोरी झाली की पारध्यांच्या पालांकडे पाहणारी नजर अजून तीच आहे.

आपल्या घरांत हा घोळ होतो तो सुनेच्या छळाच्या तक्रारीत. १९८३ साली आलेले कलम ४९८अ आता न्याय संहितेत कलम ८५ झाले आहे. ते हवेच होते, आजही हवे आहे. बंद दाराआडच्या छळाला साक्षीदार कुठून आणायचे? मात्र तक्रार लिहिताना नवऱ्याबरोबर सासू, सासरे, दीर, परगावी दिलेली नणंद, तिचा नवरा अशी यादीच उतरते. पुष्कळदा ती मुलीची नसतेही. 'सगळ्यांना अडकवा, म्हणजे तडजोडीला येतील,' असे सांगणारे कोणी मामा-काका मागे असतात. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात नवऱ्याच्या अविवाहित बहिणीवरची व भावावरची कारवाई रद्द केली. तक्रारीत त्यांची नावे होती, पण त्यांनी नेमके काय केले ते नव्हते.

यात नुकसान मुलीचेही होते. दहा नावांच्या गर्दीत खऱ्या छळणाऱ्याविरुद्धचा पुरावा फिका पडतो. म्हणून तक्रारीत कोणी, कधी, कुठे, काय केले हे प्रत्येकाचे वेगळे लिहावे. नणंदेने हात उचलला असेल, तर तेही तारखेसह लिहावे. ती बाई आहे म्हणून सोडू नये.

आणि नाव नुसतेच गोवले गेले असेल तर? सात वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बजावले आहे. पोलिसांची हजर राहण्याची नोटीस आली, तर घाबरून घराला कुलूप लावू नये. नेमल्या दिवशी जावे आणि त्या काळात आपण दुसऱ्या गावी राहत होतो याचे कागद, म्हणजे भाडेकरार, नोकरीचे हजेरीपत्रक, सोबत न्यावेत. कारवाई रद्द करण्याचा अर्ज उच्च न्यायालयात करता येतो.