हस्ताची वीज आणि तेरा नंबरची टाकी

6 ऑक्टोबर 2017. हस्त नक्षत्र चालू होते. परतीचा पाऊस मुंबई बंदरावर गडगडत असताना जवाहर द्वीपावर, म्हणजे मुंबईकरांच्या बुचर आयलंडवर, भारत पेट्रोलियमच्या तेरा नंबरच्या टाकीवर वीज पडली. आत तीस हजार किलोलिटरच्या घरात डिझेल होते. चहूबाजूंनी समुद्र असल्याने बंब रस्त्याने नेण्याची सोय नव्हती. अग्निशमन दलाचे जवान बोटीने पाठवावे लागले. शनिवारी आग आटोक्यात आली असे वाटले, तोच ती पुन्हा भडकली. विझली ती 9 तारखेला. कुणाचा जीव गेला नाही, आणि बहुधा म्हणूनच शहर ती आग चटकन विसरले.

वीजच पडली, त्याला कोण काय करणार, हा सूर तेव्हाही ऐकू आला. हस्तात हत्ती गडगडतो हे शेतकऱ्याचे पोरही सांगेल. जे दरवर्षी ठरल्या दिवसांत येते त्याला अचानक आलेले संकट म्हणणे ही सोयीची पळवाट आहे. तैवानच्या संशोधकांनी चार दशकांतल्या 242 टाकी-दुर्घटना तपासून 2006 मध्ये निष्कर्ष मांडले. त्यांतल्या जवळपास एक तृतीयांश घटनांचे कारण वीज होते.

पेट्रोल किंवा कच्च्या तेलाच्या मोठ्या टाक्यांना बहुतेक वेळा तरंगते छप्पर असते. तेल चढेल-उतरेल तसे तेही वरखाली होते. छप्पर आणि टाकीची भिंत यांमधली फट सीलने बुजवलेली असते. हे सील झिजले, फाटले की तिथे वाफ साचते. वीज थेट टाकीवरच पडावी लागते असेही नाही. जवळपास पडली तरी या फटीत ठिणगी उडू शकते. म्हणून छप्पर आणि भिंत धातूच्या पट्ट्यांनी नीट जोडलेली हवीत, अर्थिंग तपासलेले हवे, सील वेळेवर बदललेले हवे. यात अद्‍भुत असे काहीच नाही. ही देखभालीची कामे आहेत, आणि देखभालीच्या खर्चाला कात्री लावली तर पहिली काही वर्षे कुणालाच कळत नाही.

क्यूबातल्या मातांझासला ते कळले. 5 ऑगस्ट 2022 रोजी तिथल्या तेलतळावर एका टाकीवर वीज पडली, आग शेजारच्या टाक्यांना लागत गेली आणि आठांपैकी चार टाक्या नष्ट झाल्या. मृतांमध्ये बहुतेक आग विझवायला गेलेले होते, त्यांतले काही तर सक्तीच्या लष्करी सेवेतली कोवळी पोरे.

विजेपेक्षा पाणी अधिक फसवे. इजिप्तमधल्या दुरुंका गावाजवळ 2 नोव्हेंबर 1994 रोजी वादळी पावसात इंधनाचा साठा पेटला आणि पुराच्या पाण्यावर तरंगत ते जळते तेल थेट वस्तीत शिरले. चारशेहून अधिक माणसे गेली. 2005 मध्ये कतरिना वादळात अमेरिकेतल्या मर्फी ऑइलच्या रिफायनरीत तर एक भलीमोठी टाकीच पुराने जागची उचलली. तिच्यातले सुमारे 25 हजार बॅरल तेल शेजारच्या मोहल्ल्यांतल्या शेकडो घरांत पसरले. पुरात भरलेली टाकी बसून राहते, अर्धवट रिकामी तरंगते. पाणी चढण्याआधी टाकी भरून ठेवायची, ही खबरदारी ऐकायला उलटी वाटते. पण तिचा निर्णय वादळ किनाऱ्यावर येण्याआधी घ्यावा लागतो. आपल्याकडे डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या पुरात चेन्नईच्या मनाली रिफायनरी परिसरातले तेल एन्नोरच्या खाडीत उतरले. होड्या, जाळी, तिवरे सगळे काळे झाले.

महाराष्ट्रात हा प्रश्न शेवटी कुंपणाबाहेरच्या माणसांपाशी येऊन थांबतो. घाटकोपरला 13 मे 2024 च्या वादळात 120 बाय 120 फुटांचे होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळले आणि 17 जण मेले. खाली इंधन असल्याने लोखंड कापायला गॅस कटर बिनधास्त चालवता येईना. बचावकार्य लांबत गेले. माहुलमध्ये रिफायनऱ्यांच्या शेजारी प्रकल्पग्रस्तांच्या इमारती उभ्या केल्या. तिथली हवा राहण्याजोगी नाही म्हणून लोकांना उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. हवेचे निदान मोजमाप झाले. वादळी रात्री टाकी पेटली तर या इमारतींतल्या माणसांनी कोणत्या रस्त्याने बाहेर पडायचे, याची रंगीत तालीम त्यांच्यासकट व्हायला हवी, केवळ कंपनीच्या कर्मचाऱ्यांची नव्हे.

साधने नाहीत असे म्हणता येत नाही. पुण्याच्या आयआयटीएमने विजेचा माग काढणारे जाळे उभारले, त्यावरचे 'दामिनी' अ‍ॅप गुराख्याच्या मोबाइलवरही चालते. त्यावर विजेचा इशारा मिळताच डेपोत टँकर भरणे आणि टाकीवर चढून माप घेणे थांबले पाहिजे, मग बाहेर कितीही टँकर खोळंबोत. 2009 च्या जयपूरच्या तेल डेपोच्या आगीनंतर तिची चौकशी करणाऱ्या लाल समितीचा अहवाल लोकांसमोर आला होता. तोच शिरस्ता प्रत्येक मोठ्या आगीनंतर पाळावा. टाक्यांच्या सीलची आणि अर्थिंगची तपासणी शेवटची कधी झाली, हे स्थानिक पालिकेच्या संकेतस्थळावर दिसावे. गोपनीयतेची ढाल इथे पुढे करण्यात अर्थ नाही. टाकी कुठे आहे ते साऱ्या गावाला दिसतेच.

घाई करायला कारणही आहे. 2027 मध्ये नाशिकला कुंभमेळा, 2028 मध्ये उज्जैनला सिंहस्थ. नाशिककडचे इंधन मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोंतून येते. उज्जैनच्या पंपांचा भार इंदूरजवळच्या मांगलियाच्या डेपोवर. मेळ्यात यांखेरीज जनरेटरचे डिझेल आणि अन्नछत्रांचे गॅस सिलिंडर तंबूंच्या शेजारीच साठवले जातात. उज्जैनमध्ये 5 मे 2016 रोजी ऐन सिंहस्थात वादळ आले, मंडप कोसळले, माणसे मेली. पुढचे सिंहस्थही उन्हाळ्यातच आहे, वळवाच्या दिवसांत. त्या तंबूनगरीच्या नकाशावर इंधनाच्या जागा आत्ताच वेगळ्या आखाव्यात, मंडपांपासून दूर आणि क्षिप्रेच्या पूररेषेबाहेर.