अरुंद रस्ता आणि दूरची कचेरी

पुण्याच्या विद्यापीठ चौकातील उड्डाणपूल जुलै २०२० मध्ये पाडावयास घेतले, तेव्हा नगरवासीयांस त्याची झळ फारशी लागली नाही. हिंजवडी-शिवाजीनगर मेट्रोसाठी ते पाडण्याचे ठरले होते. गणेशखिंड रस्त्याचा मोठा भाग कामाने व्यापला. पण साथीमुळे हिंजवडीचा संगणकी नोकरवर्ग घरी बसूनच काम करीत होता. पुढे कचेऱ्या भरू लागल्या आणि त्याच रस्त्यावर नित्याची कोंडी सुरू झाली. नव्या पुलाची पहिली बाजू खुली होण्यास ऑगस्ट २०२५ उजाडला.

हा धडा कोणी घेतला, असे आम्ही विचारतो. रस्ता अरुंद करावयाचा झाला की एकेरी वाहतुकीचे फलक लागतात, 'नागरिकांनी सहकार्य करावे' अशी विनंती प्रसिद्ध होते, आणि अधिकाऱ्यांचे कर्तव्य तेथेच संपते! काम चालेल तोवर मोठ्या कंपन्यांनी आठवड्यातील दोन दिवस नोकरांस घरून काम द्यावे, आणि हे वार कंपन्यांनी आपसांत वाटून घ्यावेत, अशी अट कामाच्या आराखड्यातच घालता आली असती. वारांची वाटणी महत्त्वाची. सारेच सोमवारी व शुक्रवारी घरी राहिले तर बुधवारची कोंडी जशीच्या तशी राहावयाची. शिवाय मोकळा रस्ता दिसताच नव्या मोटारी त्यावर येतात. म्हणून मोकळी झालेली जागा बसगाड्यांस राखून ठेवावी. परिचारिकेस व सफाई कामगारास घरून काम करता येत नाही. त्यांची बस तरी वेळेवर पोचेल.

यात कोकणाचाही संबंध येतो. दापोली तालुक्यातील बुरोंडीसारख्या किनाऱ्यावरील गावांतून चाकरमानी पिढ्यान्‌पिढ्या शहरास गेले आणि गणपती-शिमग्यापुरते घरी परतले. साथीच्या काळात गावच्या माजघरातून शहराची कचेरी चालविता येते, हे दिसून आले. परंतु ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने दापोली तालुक्यात विजेचे खांब आडवे केले, आणि अनेक गावे कित्येक दिवस अंधारात राहिली. वीजच नाही, तेथे संगणक काय करणार? शहरातील पुलांवर कोट्यवधींचा खर्च मंजूर करणाऱ्या सरकारने बुरोंडीच्या विजेच्या तारा भूमिगत करण्याचा खर्चही शहराच्या वाहतुकीच्याच खाती मांडावा. तेथे टिकून राहिलेला प्रत्येक नोकरदार म्हणजे गणेशखिंड रस्त्यावरील एक वाहन कमी.

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने पुढील रस्ता खोदण्यापूर्वी कंपन्यांच्या चालकांस एका मेजाभोवती बोलवावे, एवढीच आमची सूचना आहे.